टेकडीचा दीड मैल

आर्डिथ कुबिकला राग येतच नाही, असं लिबुशा गावात सगळे छातीठोकपणे सांगत. राग तिला रोज यायचा. पण तो यायचा रस्ता सारखा करणाऱ्या ग्रेडरच्या केबिनमध्ये, काचा बंद असताना, ताशी चार मैलांच्या वेगानं, आणि ऐकायला मक्याच्या शेतांशिवाय कुणी नसायचं. संध्याकाळी शेडमध्ये ग्रेडर लावून ती खाली उतरली की चेहरा पुन्हा कोरा. नेब्रास्कातल्या माणसाला चेहरा कोरा ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही. घराचं छप्पर उडून शेजारच्या काउंटीत जाऊन पडलं तरी आम्ही म्हणतो, "काल जरा वारा होता." या सवयीनं आमचं जेवढं वाटोळं केलं तेवढं गारपिटीनंही केलेलं नाही.

आर्डिथ एकसष्ट वर्षांची. लॅराबी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्तेखात्यात सत्तावीस वर्षं ग्रेडर चालवणारी. ईशान्य कोपऱ्यातले दोनशे बारा मैल खडीचे आणि मातीचे रस्ते तिचे. कुठल्या उतारावर पाऊस झाला की चर पडतो, कुठल्या चौकात धान्याचे ट्रक ब्रेक मारून मारून वळ्या पाडतात, कुणाचं कुत्रं चाकावर धावून येतं, सगळं तिला पाठ. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हा इथला रामराम. हात हलवला तर माणूस परगावचा, आणि काहीच केलं नाही तर माणूसच नव्हे.

हे काम तिला शिकवलं एमिल पोस्पिशिलनं. त्याच्याआधी त्याचा बाप तेच करायचा, ट्रॅक्टरमागे ओढायच्या जुन्या लोखंडी ग्रेडरवर उभा राहून. एमिलची निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यानं आपल्या जागी आर्डिथचं नाव सुचवलं. काउंटीच्या बोर्डात हशा पिकला. बाई आणि ग्रेडर! एमिल हसणं संपायची वाट बघत उभा राहिला आणि म्हणाला, "झालं? मग तिला सोमवारी पाठवा." पहिले दोन महिने तो तिच्या केबिनमध्ये बाजूला बसून असायचा. "दाबू नकोस," एवढंच म्हणायचा. "रस्त्याला पाठ असते. पाठ मोडू नकोस, पाणी आपलं आपण बाजूला जातं."

आणखी एक गोष्ट त्यानं शिकवली, जी खात्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. लिबुशाच्या उत्तरेला एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर चेक देशातून आलेल्या जुन्या घराण्यांची दफनभूमी. डांबरी रस्ता संपल्यावर टेकडीपर्यंतचा शेवटचा दीड मैल नुसत्या मातीचा. टेकडीवर कुणाला न्यायचं असलं की त्या सकाळी ग्रेडरवाल्यानं, कुणी सांगो न सांगो, तो दीड मैल सारखा करायचा. आणि काम झालं की त्याच रस्त्यानं परत यायचं नाही. वरच्या अंगाला मिलो शिमेकच्या कुरणाचं फाटक आहे, तिथून गुरांमधून बाहेर पडायचं. कारण ताज्या रस्त्यावर पहिली चाकं मयताच्या गाडीची. सत्तावीस वर्षांत आर्डिथनं एकोणचाळीस माणसांसाठी तो रस्ता केला. त्यात तिची आई होती. अकरा वर्षांपूर्वी एमिलची बायको व्लास्टा होती. व्लास्टाच्या वेळी एमिल फाटकापाशी टोपी काढून उभा होता. दुसऱ्या दिवशी आर्डिथच्या पायरीवर अंड्यांची टोपली होती, बस्स.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण मागच्या मे महिन्यात एक प्रवासी आला.

देशाचं काळीज कसं असतं ते बघायला निघालेला माणूस होता तो. काळीज बघायला दोन दिवस काढले होते त्यानं. फोनवरच्या नकाशानं त्याला टेकडीच्या रस्त्यावर घातलं. आदल्या रात्री दोन इंच पाऊस झालेला. डांबर संपतं तिथं मिलो आपल्या घरातून बाहेर येऊन दोन्ही हात हलवत होता, तर हा भला माणूस काच न उतरवता हसून पुढे गेला. पाव मैलावर गाडी पोटापर्यंत रुतली. आर्डिथनं साखळी लावून ओढून काढली. तो गारठला होता म्हणून आपल्या थर्मासमधली कॉफी दिली, अर्धं सँडविच दिलं. त्यानं तिचा फोटो काढला. विचारलंही नाही.

महिन्याभरानं त्याचं लिखाण गावात पोहोचलं. जिथं काहीच नाही अशा प्रदेशातून, वगैरे. त्यात एक रापलेली, अबोल, एकाकी बाई होती, जिच्या डोळ्यांत म्हणे मैलोन्‌मैलांची पोकळी होती. आर्डिथ अबोल होती कारण ती साखळीचा आकडा कुठं अडकवायचा ते बघत होती! आणि त्या पोकळीत त्या आठवड्यात अकरा माणसं राबत होती, मक्याची पेरणी चालू होती. पण ते सोडा. लिखाणापाठोपाठ वकिलाचं पत्र आलं: काउंटीच्या कर्मचारी महिलेनं निष्काळजीपणे ओढल्यामुळे गाडीचा पुढचा भाग तुटला. सँडविचचा उल्लेख नव्हता.

आता कुणीही म्हणेल, असलं पत्र चुलीत घालावं. आमच्या बोर्डानं ते विम्याच्या माणसाला दाखवलं. विम्याचा माणूस म्हणाला, ज्या रस्त्याची तुम्ही निगा राखता त्याची जबाबदारी तुमची. निगा राखूच नका, म्हणजे जबाबदारी नाही. पाटी लावा, 'देखभाल नाही, आपल्या जबाबदारीवर जावे,' आणि ग्रेडरचं पातं तिथं टेकवू नका. म्हणजे एका उपऱ्यानं आपली गाडी चिखलात घातली, तर शिक्षा कुणाला? टेकडीवर झोपलेल्यांना.

नोव्हेंबरात एका मंगळवारी सकाळी दहाला सुनावणी ठेवली. चाळीस-एक माणसं आली. नेहमीप्रमाणे सगळी मागच्या रांगांत कोंबून बसली. आमच्याकडे चर्चमध्ये असो की कचेरीत, पुढच्या दोन रांगा रिकाम्याच असतात. पुढे बसणारा माणूस स्वतःला कुणीतरी समजतो, असं आम्हाला लहानपणापासून वाटतं. माणसांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. बोर्डाचा अध्यक्ष डेलमर होलूब. वाईट माणूस नाही. त्याचं स्वतःचं अर्धं घराणं टेकडीवर आहे. त्यानं ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

कुणी बोललं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बोलेल. प्रत्येकाला वाटलं, डेलमरला चारचौघांत अडचणीत कशाला आणा. आर्डिथ शेवटच्या रांगेत होती. ती काउंटीची नोकर. पण खरं सांगायचं तर नोकरीचं भय हे तिनं स्वतःला दिलेलं कारण होतं. ती गप्प बसली कारण सगळे गप्प बसले होते.

मग एमिल उठला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, समोरच्या खुर्चीची पाठ धरून. म्हणाला, "व्लास्टा वर आहे."

एवढंच. त्यानं मान वळवून सगळ्यांकडे बघितलं, शेवटी आर्डिथकडे. आर्डिथनं नजर मांडीवरच्या टोपीकडे वळवली. एमिल बसला. डेलमर घसा खाकरून म्हणाला, "कोरड्या दिवसांत जाता येईलच की वर, एमिल." ठराव चार मिनिटांत पास झाला, सगळ्यांच्या मतानं.

कोरड्या दिवसांत! म्हणजे आता माणसानं हवामान बघून मरायचं.

एमिल एप्रिलमध्ये गेला, सोमवारी पहाटे. शनिवारपासून पाऊस लागला होता तो बुधवारपर्यंत हटला नाही. दफन त्याच आठवड्यात शनिवारी. बुधवारी दुपारी आर्डिथ टेकडीच्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पाच महिने पातं न फिरलेल्या रस्त्यावर गुडघाभर चाकोऱ्या, त्यांत पाणी. मयताची लांब गाडी तिथं पन्नास फूटसुद्धा गेली नसती. गुरुवारी दफनवाल्या माणसानं एमिलच्या मुलीला, जोलीनला, सांगून टाकलं: गावातल्या दफनभूमीत जागा आहे, तिथं ठेवू, रस्ताही पक्का आहे. जोलीनचा आर्डिथला फोन आला. ती रडत नव्हती, इथं फोनवर कुणी रडत नाही. ती एवढंच म्हणाली, "आईच्या दगडावर बाबांचं नाव आधीच कोरलंय गं. फक्त साल राहिलंय."

आर्डिथ तशीच उठून कर्टकडे गेली. कर्ट लिंडग्रेन, रस्तेखात्याचा नवा साहेब, चौतीस वर्षांचा, लिंकनहून, राज्याच्या राजधानीतून आलेला. प्रत्येक ग्रेडरवर यंत्र बसवून कुणाचं पातं कुठे आणि किती मिनिटं टेकलं हे पडद्यावर बघणारा.

"शनिवारी सकाळी मला टेकडीचा रस्ता करायचाय," ती म्हणाली.

"आर्डिथ, तुम्हाला ठराव माहितीये ना."

"माहितीये. मी तिथंच बसले होते."

"पातं टेकलं तर माझ्या पडद्यावर लाल दिसतं. मग मला लिहावं लागतं. मी लिहिलं की बोर्ड तुम्हाला घरी बसवतं. निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची?"

"चार."

"मग कशाला? गावातली दफनभूमी चांगली आहे की. झाडंबिडं आहेत."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते आर्डिथला त्या क्षणी कळलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मग मला शनिवारची रजा दे. दुखवट्याची."

कर्टनं फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता: मयताशी नातं. खाली यादी. आई, वडील, नवरा, बायको, मूल, भाऊ, बहीण. आर्डिथनं यादी दोनदा वाचली.

"मला काम शिकवणारा, हे कुठं लिहू?"

"ते नात्यात बसत नाही," कर्ट म्हणाला. बिचारा खरोखर शोधत होता, फॉर्म उलटून मागचं पानसुद्धा बघितलं. "साधी रजा टाका. दोन दिवसांची टाका हवी तर."

तिनं साधी रजा टाकली, शुक्रवार आणि शनिवार. बाहेर आली. गाडीत बसली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून इतक्या मोठ्यांदा ओरडली की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग तिनं मिलो शिमेकला फोन लावला.

"मिलो, तुझा सपाट ट्रेलर रिकामा आहे का?"

"का गं?"

"कचेरीसमोरचं म्हातारं आणायचंय."

मिलो म्हणाला, "चांगली कल्पना आहे असं नाही म्हणणार मी." आमच्याकडे याचा अर्थ किती वाजता येऊ, असा होतो. मग तिनं जोलीनला कळवलं: दफनवाल्याला सांग, टेकडीवरच; खड्डा खणणारे मिलोच्या कुरणातून वर जातील.

कचेरीसमोरचं म्हातारं म्हणजे तोच जुना लोखंडी ग्रेडर, एमिलच्या बापाचा. वीस वर्षांपूर्वी बोर्डानं तो हिरवळीवर मांडला, आजूबाजूला फुलझाडांची अर्धी पिंपं ठेवली आणि पितळी पाटी लावली: 'ज्यांनी आमचे रस्ते घडवले त्यांच्या कृतज्ञ स्मरणार्थ.' दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, त्याच्यापाशी उभं राहून भाषणं होतात. कृतज्ञतेला काही कमी नाही! फक्त त्या घडवणाऱ्याच्या पोराला बायकोशेजारी पुरायला दीड मैल रस्ता नाही. दर वसंतात त्याच्या चाकांना वंगण घालायचं काम आर्डिथकडे असे, त्यामुळे साखळीच्या कुलपाची किल्ली तिच्याकडे. आणि आर्डिथ ज्याला वंगण घालते ते चालतं, कर्टच्या पडद्यावर न दिसता.

शुक्रवारी भर दुपारी दोन वाजता मिलोचा ट्रॅक्टर आणि ट्रेलर कचेरीच्या हिरवळीला लागला. लपवाछपवी काही नाही. आर्डिथनं कुलूप काढलं, पिंपं उचलून नीट एका ओळीत बाजूला ठेवली. म्हातारं कुरकुरत ट्रेलरवर चढलं. आत खिडकीत तिघी कारकून बायका उभ्या होत्या. एकीनं फोनकडे बघितलं. दुसरीनं पुढे होऊन पडदा ओढून घेतला.

"विचारलं कुणी तर काय सांगायचं?" मिलोनं पट्टे आवळत विचारलं.

"वंगण घालायला नेलं म्हणून सांग."

"आणि वंगणाला चौदा मैल लांब कशाला?"

"हवापालट."

मिलो हसला. आर्डिथ नाही हसली.

शनिवारी सकाळी सातला ती टेकडीच्या रस्त्यावर होती. गुरुवार-शुक्रवार वारा सुटला होता. मातीला वाफसा आला होता. मिलो ट्रॅक्टरवर, आर्डिथ मागे म्हाताऱ्याच्या फळीवर उभी, दोन्ही हातांत लोखंडी चक्रं. डावं फिरवलं की पात्याचं डावं टोक खाली, उजवं फिरवलं की उजवं. केबिन नाही, काच नाही, गादी नाही. पहिल्या फेरीत दात वाजले. दुसऱ्या फेरीत खांदे भरून आले. पण चाकोऱ्या बुजत होत्या, कडेची माती वळून मध्ये येत होती आणि रस्त्याला पाठ धरत होती. दाबू नकोस, दाबू नकोस, ती स्वतःलाच सांगत होती. आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की ती मोठ्यांदा बोलतेय, काचा नसताना, आणि जे बोलतेय ते नोव्हेंबरात बोलायला हवं होतं.

पाचवी, शेवटची फेरी वरच्या अंगाला संपत आली. मिलो फाटक उघडायला उतरला आणि आर्डिथनं मागे वळून बघितलं. खाली, डांबर संपतं तिथं काउंटीची पांढरी गाडी उभी राहिली होती. मिलोला तिथंच थांबवून ती रस्त्याच्या कडेनं, चरातून, दीड मैल चालत खाली गेली. रस्त्यावर पाऊल नाही टाकलं.

कर्टनं काच उतरवली. "ते यंत्र काउंटीच्या मालकीचं आहे, आर्डिथ."

"हो. आणि हा रस्तापण."

"मला वर जाऊन बघावं लागेल. फोटो घ्यावे लागतील."

त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली. आर्डिथ डांबराच्या टोकाला, गाडीसमोर येऊन उभी राहिली.

"ऐक कर्ट. तुला लिहायचं ते लिही. माझं नाव लिही, ठळक लिही. पण या रस्त्यावर आज पहिली चाकं एमिलची. तुझी नाहीत, माझी नाहीत, गव्हर्नर आला तर त्याचीपण नाहीत. एकतीस वर्षं त्या माणसानं तुझ्या खात्यासाठी रस्ते केले. तुला फोटो हवेत ना? उतर आणि चाल. कडेनं. चरातून."

"चिखल आहे तिथं."

"आहे. आम्हाला माहितीये."

कर्टनं गाडी मागे घेऊन बाजूला लावली आणि इंजिन बंद केलं. उतरला. त्याच्या पायांत कचेरीतले बूट होते. दहा पावलांवर एक बूट चिखलात राहिला आणि पाय वर आला. त्यानं बूट उपटून काढला, घातला आणि पुढे चालू लागला, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. टेकडीच्या अर्ध्यावर पोहोचला तेव्हा खाली गाड्यांची रांग दिसायला लागली. त्यानं खिशातून फोन काढला, मग परत ठेवला.

आर्डिथ फाटकापाशी परतली होती. म्हातारं आणि ट्रॅक्टर कुरणात, गुरं भोवती जमून हुंगताहेत. लांब काळी गाडी डांबर सोडून मातीवर उतरली आणि जराही न हिंदकळता वर येत राहिली. मागे सतरा गाड्या. आर्डिथनं टोपी काढली. गाडी समोरून गेली तेव्हा तिला हात हलवावासा वाटला, पण हात हलवत नाहीत. तिनं एक बोट उचललं. चालवणाऱ्यानं स्टिअरिंगवरून बोट उचलून उत्तर दिलं. मग मात्र आर्डिथ रडली, गुरांकडे तोंड करून.

चौथी गाडी डेलमर होलूबची होती. शेजारी त्याची आई, ब्याण्णव वर्षांची लिओना, जिला सगळं गाव टेटा म्हणतं, म्हणजे मावशी. डेलमर सरळ समोर बघत होता. टेटा लिओना खिडकीतून रस्त्याकडे बघत होती, वाकून, नीट, पोरीनं घातलेली शिवण तपासावी तशी.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण. हॅमची सँडविचं, बटाट्याचं सॅलड, लोणच्यातल्या काकड्या, खसखशीचे आणि आलुबुखाराचे कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव. कर्ट दाराशी घुटमळत होता, घोट्यापर्यंत चिखलात. टेटा लिओनानं त्याला हाताला धरून बसवलं आणि त्याच्या हातात ताट दिलं. त्यानं खाल्लं. मग नाइलाजानं डेलमरकडे गेला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला. डेलमर उठून आर्डिथपाशी आला.

"चांगला रस्ता केलास," तो म्हणाला.

"थँक यू."

"सोमवारी माझ्याकडे येऊन जा. हे लेखी घ्यावं लागणार. शांतपणे मिटवू."

शांतपणे! आर्डिथनं कॉफीचा कप खाली ठेवला आणि उभी राहिली. खुर्ची मागे सरकली त्या आवाजानं दोन-तीन माना वळल्या.

"नाही डेलमर. शांतपणे नाही. नोव्हेंबरात झालं ते शांतपणे." तिचा आवाज चढला तशा बाकीच्याही माना वळल्या. "एमिल उभा राहिला. अठ्ठ्याऐंशीचा म्हातारा, एकटा. आपण चाळीस जण टोप्या मांडीवर घेऊन मूग गिळून बसलो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं. मी! त्यानं मला हातातलं काम दिलं आणि मला दोन शब्द देता आले नाहीत. आपण म्हणतो ना, आपली माणसं चांगली, कुणाचं मन दुखवत नाहीत? दुखवलं की! त्याचं दुखवलं. कोण कुठला माणूस रस्त्यात बोट उचलायला विसरतो, आपलं सँडविच खातो, आपल्याला पत्र पाठवतो, त्याला आपण घाबरतो, आणि एमिलला सांगतो कोरड्या दिवसाची वाट बघ! लाज वाटते मला. तुम्हाला वाटत नसेल तर खा बटाटे."

कुणी खाल्लं नाही. जोलीननं हातातला काटा ताटात ठेवला. मिलो उठून आर्डिथच्या मागे येऊन उभा राहिला. त्याला चारचौघांत बोलता येत नाही, पण तो भला उंच आहे.

डेलमरचे कान लाल झाले होते. "आर्डिथ, ठराव झालाय. तो फिरवायचा तर पद्धत असते, विषय घ्यावा लागतो, नोटीस..."

"डेलमर," टेटा लिओना म्हणाली.

"आई, तू मध्ये—"

"तुझा बाप वर आहे. त्याच्या शेजारची जागा माझी आहे." ती कोलाच्यातली खसखस बोटानं टिपत होती. "मला घाई नाहीये. पण फार वेळही नाहीये. तो रस्ता कधी होतोय तेवढी तारीख सांग, म्हणजे मी त्या बेतानं मरते."

तळघरात एकदम हसू फुटलं आणि तसंच अर्ध्यावर थांबलं, कारण म्हातारी हसत नव्हती. ती मुलाकडे बघत होती आणि तिनं उत्तर मागितलं होतं.

"मे महिन्याचा दुसरा मंगळवार," डेलमर शेवटी म्हणाला. "विषय घेतो."

सोमवारी आर्डिथला ताकीदपत्र मिळालं आणि आठवडाभर बिनपगारी घरी बसावं लागलं. पत्राखाली सही कर्टची होती. त्यासोबत एक साधा कागद होता, खात्याच्या शिक्क्याशिवाय. कर्टनं लिहिलं होतं की रजेच्या फॉर्ममध्ये नात्याच्या यादीखाली 'इतर' असा रकाना घालावा असं त्यानं वर कळवलंय, कधी होईल माहीत नाही. आर्डिथनं ताकीदपत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि हा कागद फ्रिजवर लावला. म्हातारं परत हिरवळीवर गेलं, पिंपंही जागेवर गेली. त्याच्या चाकांवरचा टेकडीचा चिखल तिनं पुसला नाही. कुणी पुसा म्हणालंही नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आर्डिथ पावणेदहाला कचेरीत पोहोचली. पुढे जाऊन बसायचं, अगदी पहिल्या रांगेत, हे तिनं रात्रीच ठरवलं होतं. दार उघडलं तर पहिली रांग भरलेली. मध्ये टेटा लिओना, पर्स मांडीवर. एका बाजूला जोलीन, दुसऱ्या बाजूला मिलो, आणि त्या पडदा ओढणाऱ्या बाईपर्यंत सगळी ओळखीची तोंडं. दुसरी रांगही भरलेली. टोप्या मांडीवर होत्या, पण माना वर होत्या.

आर्डिथला मागे जागा मिळाली. ती बसली नाही. डेलमरनं "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारायच्या आधीच ती उभी होती, आणि तिच्यासोबत बाकीचेही.